पहिली लाइन प्रसूतीची

सकाळी सातच्या सुमारास चनबसाप्पा हुक्केरी रुग्णालयाच्या मागच्या फाटकाने आत आला. पुढच्या फाटकाने येण्यास त्याला कुणी मनाई केली नव्हती. पण पुढे रोग्यांचे नातेवाईक बसलेले असत, आणि हा माणूस कुठे काम करतो हे त्यांतल्या एखाद्याला ठाऊक असले, की तो घाईने मान फिरवी. चनबसाप्पाने सायकल चिंचेखाली लावली, कमरेची किल्ली काढून शवागाराचे कुलूप उघडले, शीतपेटीवरचा काटा पाहिला, फिनेल टाकून फरशी पुसली आणि खिडकीत एक उदबत्ती खोचली. मग उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर कँटीनमधून आणून ठेवलेला चहाचा ग्लास उचलला. हा ग्लास वेगळा होता. त्याच्या तळाला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता. ठिपका चनबसाप्पानेच लावला होता. दुसऱ्या कुणाच्या हाती चुकून जायला नको म्हणून.

चहा पिता पिता त्याने भिंतीवरच्या फोनकडे पाहिले. फोन कालच सुरू झाला होता. शवागाराला फोन करणारे लोक थोडे असतात आणि ते आपखुशीने करीत नाहीत, त्यामुळे तो वाजेल अशी त्याची अपेक्षा नव्हती आणि इच्छाही नव्हती.

सन दोन हजार एकची ही गोष्ट. उचगावच्या माळावर एका धर्मादाय संस्थेचे हे रुग्णालय होते. जुनी इमारत रस्त्याला लागून, नवी इमारत ओढ्यापलीकडे. दोहोंना जोडणारी तांब्याची टेलिफोन केबल दोनदा चोरीला गेली, तेव्हा विश्वस्तांनी काचेच्या तंतूची केबल टाकण्याचा ठराव केला. काचेत चोराला रस नसतो. जुन्या इमारतीतल्या एक्स्चेंजशेजारी एक पेटी आणि नव्या इमारतीत तिची जोडीदार. या टोकाला आठ फोनच्या तारा पेटीत शिरत, उजेड होऊन ओढ्यापलीकडे जात आणि त्या टोकाला पुन्हा आठ तारा होऊन बाहेर पडत. यंत्राला गारवा लागतो असे कंपनीने कळवले होते. नव्या इमारतीत गारवा एकाच ठिकाणी होता. म्हणून दुसरी पेटी शवागाराला लागून असलेल्या खोलीत बसवावी लागली.

हे काम रुग्णालयाचा अभियंता कृष्णात पोवार याच्याकडे होते. तो सालस आणि कामसू तरुण होता, आणि त्याने एकट्याने केले असते तर काम बिनचूक झाले असते. पण संस्थेचे विश्वस्त बाळासो माने यांना प्रत्येक नव्या गोष्टीचा आरंभ स्वतःच्या हाताने करण्याची हौस होती. लाइनींचा क्रमही त्यांनीच ठरवला.

"पहिली लाइन प्रसूतीची," ते म्हणाले. "शुभ कामानं सुरवात. दुसरी अधीक्षकांची. मग बाकीच्या. स्वयंपाकघर शेवटून दुसरं. आणि ते... हे... खालचं, ते शेवटाला."

शवागार हा शब्द ते उच्चारत नसत.

पूजेसाठी ते खोलीत आले तेव्हा पेटी भिंतीवर चढलेली होती. त्यांनी दोन पावले मागे घेतली.

"कृष्णात, हिचं तोंड कुठं हाय?"

"दक्षिणेला, साहेब. दारातून आलं की दिवे दिसावेत म्हणून."

"यमाच्या शेजारी बसवलीस ती बसवलीस, वर त्याच्याकडंच बघत ठेवलीस व्हय? पूर्वेला कर."

पूर्वेला तोंड करायचे म्हणजे पेटी पश्चिमेच्या भिंतीवर न्यायला हवी होती. त्या भिंतीवर तारांचा पाइप छतातून खाली आलेला होता, आणि पेटीची तारा घेण्याची भोके तिच्या तळाशी होती. मुहूर्ताला अवकाश थोडा होता. कृष्णातने क्षणभर विचार केला आणि पेटी उलटी टांगली. उजेडाला वरखाली कळत नाही, असे तो स्वतःशी म्हणाला, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. त्यानंतर बाळासोंनी पेटीवर कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक काढले. ते नेमके जिथे एक ते आठ हे आकडे छापले होते तिथेच आले. नारळ फुटला. कृष्णातने तारा जोडायला घेतल्या आणि सवयीप्रमाणे डावीकडून मोजीत जोडत गेला. उलट्या पेटीची डावी बाजू ही खरे तर उजवी होती. पण हे सांगणारे आकडे कुंकवाखाली गेले होते.

ठरल्याप्रमाणे जुन्या इमारतीतून ऑपरेटरने पहिली लाइन वाजवली. घंटा इतकी स्पष्ट ऐकू आली की सगळे चकित झाले.

"वरच्या मजल्यावर वाजती आणि हितं ऐकू येती!" बाळासो म्हणाले. "काचेची गोष्टच वेगळी."

घंटा शेजारच्या खोलीत वाजत होती. पण त्या खोलीकडे पाहण्याची कुणाची पद्धत नव्हती. टाळ्या वाजल्या आणि पेढे वाटले गेले.

तर आता, दुसऱ्या दिवशी सकाळी, चनबसाप्पाचा चहा संपतो न संपतो तोच भिंतीवरचा फोन वाजला. त्याने हात धोतराला पुसले.

"हॅलो, शवागार."

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी आपटला.

"माझी बायको..." एक पुरुषी आवाज चिरकत म्हणाला. "काल ॲडमिट केलती. प्रीती चौगुले. आरं देवा! कवा गेली?"

चनबसाप्पाने शीतपेटीकडे वळून पाहिले. "ह्या नावाचं हितं कुणी न्हाय, पावणं."

"न्हाय म्हंजे? मग कुठं नेली?"

"रडू नका ओ. जी हितं न्हाय ती जित्ती हाय. हितं नसणं चांगलंच की."

या बोलण्याने त्या माणसाला धीर आला नाही. तो मोठ्याने रडू लागला आणि फोन बंद झाला. चनबसाप्पा अस्वस्थ झाला. बाईची खबर तरी काढावी म्हणून त्याने प्रसूती विभागाचा एकाहत्तर नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. आपलाच फोन बिघडला की काय, हे पाहायला त्याने स्वतःचा अठ्ठ्याहत्तर फिरवला, तर घंटा गेली आणि कुणीतरी उचलला.

"आता आणि कोण मेलं?" एक बाई खेकसली. ती प्रसूती विभागातली थोरली आया विठाबाई होती. "सकाळधरनं जो तो बॉडी मागाय लागलाय. हितं बाळं देत्यात म्हणून सांगून तोंड दुखलं माझं!"

चनबसाप्पा शिकलेला नव्हता, पण दोन्ही दारांच्या किल्ल्या अदलाबदल झाल्या आहेत एवढे त्याला कळले. त्याने प्रीती चौगुलेचे विचारले.

"तिला मुलगा झालाय. बाप कुठं उलथलाय त्यो?"

बापाने थोड्या वेळाने पुन्हा फोन केला. या वेळी चनबसाप्पाने शवागार हा शब्द गाळला. "बोला," एवढेच म्हणाला, आणि मग, "मुलगा झाला. बाळ-बाळंतीण खुशाल हाईत." तो माणूस पुन्हा रडला, पण हे रडणे निराळे होते. चनबसाप्पाने फोन जपून ठेवला. या खोलीतून कुणाला चांगली बातमी सांगण्याचा त्याच्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग होता.

इकडे इतर लाइनींनीही आपापले घोळ सुरू केले होते. अधीक्षकांच्या टेबलावरचा फोन वाजे आणि एखादी परिचारिका श्वास न घेता सांगे, "पाच नंबरला बिनमिठाचं, सात नंबरला नुसती पेज, आणि कालच्या भाकरी करपल्या हुत्या." अधीक्षक हे एम.डी. होते. पहिल्यांदा त्यांनी रागावून फोन आपटला, दुसऱ्यांदा समजावून सांगितले, आणि तिसऱ्यांदा कागद ओढून लिहून घेतले. बाळासोंनी सकाळी अधीक्षकांना म्हणून फोन केला तो स्वयंपाकघरात स्वयंपाकीण धोंडुबाईने उचलला.

"मी बाळासो बोलतोय," ते म्हणाले.

बाळासो नावाचा एक भाजीवालाही होता.

"बोलतोस कुठल्या तोंडानं?" धोंडुबाई म्हणाली. "कांदा सडका दिलास. आणि म्होरं ऐक, त्या ट्रस्टीला कांदा कापायला बसवलं पायजे एक दीस. नारळ फोडण्याबिगर येतंय काय त्याला?"

यानंतर बाळासोंनी आपल्या मोबाइलवरून कृष्णातला गाठले आणि दुपारपर्यंत सगळे फोन सरळ झाले नाहीत तर दुसरी नोकरी शोधण्यास सांगितले.

कृष्णातने जुन्या इमारतीतल्या पेटीपासून तपासायला सुरुवात केली. तिथे सारे ठीक होते, आणि ते ठीक आहे अशी खात्री करून घेण्यातच दुपार झाली. तोवर शवागारातला फोन वाजतच होता. कुणाची सून, कुणाची बहीण. चनबसाप्पा नाव विचारून घेई, अठ्ठ्याहत्तर फिरवून विठाबाईची बोलणी खाई, आणि आलेली खबर तिच्यातले काटे काढून पुढे पोचवी. तसाच आणखी एक फोन आला.

"हॅलो, प्रसूती विभाग का? गडहिंग्लजवरनं महांतेश बोलतोय. माझी मंडळी पहाटं जीपमधनं धाडलीया, बहीण हाय संगं. शांभवी नाव. काय झालं का?"

चनबसाप्पाने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. महांतेश हा त्याचा जावई होता. शांभवी ही त्याची एकुलती एक मुलगी. ती दिवसांत आहे हे त्याला ठाऊक होते. इथे, डोक्यावरच्या मजल्यावर आहे, हे नव्हते.

"हॅलो? ऐकू येतंय न्हवं?"

"बघून सांगतो," चनबसाप्पा कसाबसा म्हणाला.

"आणि एक. तिचा बाप तिथंच कामाला हाय, खाली, त्या खोलीत. त्याला कळवू नका. थांबा, आई बोलती."

आता बसम्माचा, विहीणबाईंचा आवाज आला. चनबसाप्पा त्यांच्याशी फोनवर कधीच बोललेला नव्हता. "सायेब, मी सासू हाय तिची. त्ये म्हातारं वर सोडू नका. माणूस वाईट न्हाय. पर गेल्या खेपंला वर आलं, पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि लेकरू राहिलं न्हाय. दीसभर मढी हाताळायची आणि त्योच हात... तुम्हीच सांगा. आमी येस्टीनं निघालोय, येईस्तवर तुमी ध्यान ठेवा. शबूद द्या मला."

चनबसाप्पाने आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिले. फिनेलने बोटांची कातडी पांढरी पडली होती. गेल्या खेपेच्या त्या हाताविषयी त्याने स्वतःही अनेक रात्री असाच विचार केला होता.

"दिला," तो म्हणाला.

"लई चांगली माणसं तुमी. गेल्या खेपंला फोनवर एक बाई हुती, खेकसायची निस्ती. तुमचं बोलणं किती ग्वाड हाय!"

त्याने अठ्ठ्याहत्तर फिरवला.

"शांभवी? हाय की," विठाबाई म्हणाली. "अवघड चाललंय. डॉक्टरनी हिंडाय सांगितलंय तर हिंडती, आणि हरेक फेरीला फोनपाशी थांबती. नंबर लावती, एंगेज, की परत कळ. असली पोरगी मी बघितली न्हाय. तुमी कोण?"

"आफिस," चनबसाप्पा म्हणाला.

पोरगी नवऱ्याला फोन लावते आहे, असे त्याला वाटले, आणि तेही रास्तच होते.

कृष्णात हत्यारांची पिशवी आणि स्पिरिटची बाटली घेऊन आला तेव्हा चनबसाप्पा फोनखाली स्टुलावर बसलेला होता. कृष्णात शेजारच्या खोलीत गेला. काचेच्या तंतूंची टोके पुसण्यासाठी आणलेल्या स्पिरिटमध्ये त्याने फडके बुडवले आणि स्वस्तिक पुसून काढले. कुंकवाखालून आठाचा आकडा वर आला. तो डाव्या टोकाला होता, आणि डोक्यावर उभा होता. कृष्णातने कपाळावर हात मारला.

"हात्तिच्या! सगळं उलटं जोडलंय मी. पहिली ती शेवटची, शेवटची ती पहिली. चनबसाप्पा, तुम्हाला सकाळपासनं प्रसूतीचे फोन येत असणार!"

"येत्यात."

"मग सांगायचं नाही का? पाच मिनिटांचं काम आहे हे."

"सायेब, पाच मिनिटांचंच असंल तर जरा दमानं करा."

आणि चनबसाप्पाने जे होते ते सांगितले. त्याने ते फिरवून किंवा वाढवून सांगितले नाही. वर पोरगी आहे. वर जायची सोय नाही. या तारेतून तिची खबर मिळते. तार सरळ झाली की विचारायचे निमित्त संपणार. शवागारातून बाळंतिणीची चौकशी केलेली कुणाला खपणार नाही. कृष्णातने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मोबाइल वाजला, तो त्याने न पाहता बंद केला.

"थांबू या," तो म्हणाला. "माझी नोकरी तशीही गेल्यासारखीच आहे."

दोघे बसून राहिले. खिडकीतली उदबत्ती केव्हाच विझली होती. मागच्या दाराशी कुणीतरी खाकरले. गडमुडशिंगीचा एक म्हातारा, हातात टोपी घेऊन, उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. त्याचा भाऊ आदल्या दिवशी वारला होता.

"न्यायला कवा येऊ ते इचारायला फोन केलता," म्हातारा म्हणाला. "एक बाई म्हणली, हितं मेलेलं ठेवत न्हाय, पुन्यांदा फोन केलास तर बघ. म्हणून चालत आलो. आमचं काय चुकलं का?"

"न्हाय बाबा," चनबसाप्पा उठून उभा राहिला. "तुमचं काय बी चुकलं न्हाय. या आत."

त्याने म्हाताऱ्याला स्टूल दिले, पाणी दिले आणि गाडी कधी आणायची ते समजावले. शेवटी, ही रीत नसताना, त्याला फाटकापर्यंत पोचवून आला. परत आल्यावर तो कृष्णातसमोर उभा राहिला.

"फिरवा सायेब तारा."

"अहो, पण पोरीची खबर..."

"माझ्या पोरीसाठनं मढ्याच्या माणसांनी शिव्या का खायच्या? त्यांच्यासंगं नीट बोलायला हितं माणूस ठेवलाय. त्यो मी. फिरवा."

कृष्णातने तारा सोडवल्या आणि आकडे पाहून, उजवीकडून डावीकडे, एकेक जोडल्या. पेटीवरचे हिरवे दिवे क्षणभर मिटून पुन्हा लागले. चनबसाप्पाने फोनकडे पाठ केली आणि कोरडीच असलेली फरशी पुसायला घेतली.

तोच फोन वाजला.

कृष्णात चमकला. जोडणी पुन्हा चुकली असे त्याला वाटले. चनबसाप्पाने सवयीने रिसीव्हर उचलला. "बोला."

"आप्पा!"

आवाज इतका मोठा होता की कृष्णातलाही ऐकू आला.

"आप्पा, किती एंगेज तुमचा फोन! सकाळधरनं लावतीया मी. कुणासंगं एवढं बोलत बसलता? मी हितंच हाय, वर. मला भ्या वाटतंय, आप्पा. या की."

पोरगी दिवसभर बापाचा नंबर लावीत होती. उलट्या तारेमुळे तो तिच्या हातातल्याच फोनवर येऊन एंगेज होत होता. कृष्णातला हे समजायला एक निमिष लागले, आणि समजल्यावर त्याने पेटीकडे पाहण्याचे टाळले.

चनबसाप्पाने रिसीव्हर ठेवला. तो जागचा हलला नाही.

"जावा की," कृष्णात म्हणाला.

"कसा जाऊ? विहीणबाईंना शबूद दिलाय. म्हाताऱ्याला वर सोडणार न्हाय म्हणून. मीच दिलाय."

कृष्णातने थोडा विचार केला. यंत्राच्या बाबतीत करीत असे तितक्याच गंभीरपणे केला.

"तुम्ही शब्द दिला तेव्हा हा फोन कुणाचा होता?"

"प्रसूतीचा."

"म्हणजे शब्द प्रसूती विभागानं दिला. तो फोन गेला वर, शब्दही त्याच्याबरोबर वर गेला. आता पाळायचा का नाही ते विठाबाई बघतील. हा फोन शवागाराचा. शवागारानं कुणाला काही कबूल केलेलं नाही."

चनबसाप्पाने या युक्तिवादावर हसायला हवे होते. तो हसला नाही. "पर हात?" त्याने विचारले. "हात त्योच हाय, सायेब."

याला कृष्णातकडे शास्त्र नव्हते. "ती पोरगी दिवसभर त्याच हाताला फोन लावत होती," तो एवढेच म्हणाला.

चनबसाप्पा नळाखाली गेला. त्याने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. खुंटीवरचा धुतलेला सदरा घातला. कमरेची किल्ली काढून कृष्णातच्या समोर ठेवली आणि मागच्या जिन्याकडे वळता वळता थांबून, इमारतीला वळसा घालून, पुढच्या पायऱ्यांनी वर गेला.

कृष्णात स्टुलावर बसून राहिला. ऊन उतरले. पायरीवर दुपारचा चहा ठेवून कुणीतरी न बोलता निघून गेले. कृष्णातने ग्लास आत आणला आणि थोडा थोडा करून प्यायला. मग फोन वाजला.

"हॅलो, शवागार," तो म्हणाला, आणि आपला आवाज किती हळू येतो आहे हे त्याला जाणवले.

"ठाव हाय, शवागार," विठाबाई खेकसली. "मुलगी झालीया. रडती चांगली ठणठणीत. आणि त्ये तुमचं म्हातारं तिच्याहून जोरात रडाय लागलंय, आयाबाया बघाय गोळा झाल्यात. खालचं कुलूप तुमीच लावा म्हणून सांगितलंय त्यानं. आणि हे बघा, गडहिंग्लजची सासू येऊन उभी हाय हितं. मघाचे ते ग्वाड बोलणारे सायेब कुठं हाईत म्हणती, त्यांच्या पाया पडायचंय तिला. कुणाला दाखवू?"

"म्हाताऱ्यालाच दाखवा," कृष्णात म्हणाला.

फोन ठेवून त्याने हत्यारे गोळा केली. रिकामा ग्लास पालथा करून तळाचा निळा ठिपका पाहिला. उरलेल्या स्पिरिटमध्ये फडके बुडवून तो पुसून पाहिला, निघाला नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, काचेला चरा जाणार नाही अशा बेताने, त्याने तो सगळा खरवडून काढला, ग्लास विसळला, शवागाराला कुलूप लावले आणि जाता जाता कँटीनच्या फळीवर इतर ग्लासांच्या रांगेत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बाळासो तपासणीला आले आणि चहा घेऊन गेले. तो कोणत्या ग्लासातून घेतला, हे सांगणे आता कुणालाच शक्य नव्हते.